गौतम राजाध्यक्ष : चेहऱ्यावरचा मऊ प्रकाश

मंडळी, हिंदी-मराठी तारे-तारकांची आपण वर्षानुवर्षे पाहिलेली कितीतरी देखणी छायाचित्रे एका मराठी माणसाची आहेत. गौतम राजाध्यक्षांचा जन्म १६ सप्टेंबर १९५० चा, मुंबईचा. सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण, विषय रसायनशास्त्र! पुढे १९७४ मध्ये ते 'लिंटास' या जाहिरात कंपनीच्या छायाचित्रण विभागात लागले. १९८० मध्ये त्यांनी शबाना आझमींची छायाचित्रे काढली आणि नाव होऊ लागले. तरी नोकरी सोडून पूर्णवेळ व्यवसायात उतरायला १९८७ उजाडले. पस्तिशी उलटल्यावर महिन्याचा पगार सोडणे म्हणजे काय, हे आम्हा नोकरदारांना वेगळे सांगायला नको.

त्यांची खरी ओळख म्हणजे प्रकाश. आपल्या सीबच्या किनाऱ्यावर भर दुपारी फोटो काढून पाहा. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, कपाळावर चकाकी! दिवा लहान, उघडा असला की स्टुडिओतही तेच होते. तोच प्रकाश छत्रीवरून परतवला किंवा पांढऱ्या कापडातून गाळला की सावलीची कड विरघळते. राजाध्यक्षांच्या छायाचित्रांत हा मऊपणा दिसतो, पण चेहरा सपाट होत नाही. वय झालेल्या चेहऱ्याचाही त्यात मान राहतो, आणि आम्हाला त्यांचे मोठेपण तिथेच वाटते. १९९७ च्या 'फेसेस' या त्यांच्या पुस्तकात दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे आहेत.

'चंदेरी'चे संपादन, काजोलच्या पहिल्या 'बेखुदी'चे (१९९२) लेखन, हेही त्यांचेच. १३ सप्टेंबर २०११ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, हृदयविकाराने मुंबईत ते गेले.