व्हायोलिनवादक वडिवेलु

तंजावरच्या भोसले दरबाराने आश्रय दिलेल्या कलावंतांत वडिवेलु यांचे स्थान आगळे आहे. चिन्नय्या, पोन्नय्या व शिवानंदम् यांचे हे धाकटे बंधू १८१० साली जन्मले. मुत्तुस्वामी दीक्षितरांकडे त्यांचे संगीताध्ययन झाले. व्हायोलिन तेव्हा आपल्याकडे परके वाद्य. दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी यांनी ते कर्नाटक संगीतात आणले आणि वडिवेलुंनी त्यास राजसभेत मान मिळवून दिला. सरफोजी महाराजांच्या पदरी असता या चौघा बंधूंनी अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंत नृत्याचा जो क्रम बांधला, तो भरतनाट्यमच्या रंगमंचावर अद्याप चालतो.

पुढे वडिवेलु त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले. १८३४ मध्ये महाराजांनी त्यांस हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले. ऐन उमेदीत त्यांचे देहावसान झाले.

आज व्हायोलिनच्या साथीवाचून कर्नाटक मैफल सहसा रंगत नाही. वाद्य तेच राहिले. मांडी घालून वाजविण्याची बैठक व तारांची जुळणी मात्र येथील झाली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ भूमीत नांदणाऱ्या आम्हां मराठी जनांस हे चरित्र म्हणूनच जवळचे वाटते. परमुलखात रुजावे, तेथील सुरांशी जुळावे, परंतु आपला नाद हरवू नये, हेच आम्ही त्यापासून शिकतो.