इंजिनिअर ते 'राजा': ट्रॅव्हल फोटो शिकावेत तर दीनदयाळ यांच्याकडून!

ट्रिपवरून परत आलं की गॅलरीत दोनशे फोटो असतात आणि स्टेटसला ठेवण्यासारखे जेमतेम चार. मग आपण नवीन फोनचे रिव्ह्यू बघायला लागतो. आज मी अशा एका फोटोग्राफरबद्दल सांगणार आहे, ज्यांच्याकडे ना ऑटोफोकस होता, ना डिलीटचं बटण. तरीही त्यांचे फोटो शंभरहून जास्त वर्षं टिकून आहेत. त्यांचं नाव राजा दीनदयाळ.

नोकरी सांभाळून कॅमेरा

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावातला. मला ते जवळचे वाटतात, कारण तेही इंजिनिअरिंग शिकलेले! रुरकीच्या थॉमसन कॉलेजमधून ते बाहेर पडले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. काम काय, तर नकाशे काढणं आणि बांधकामाच्या खर्चाचा अंदाज बांधणं. तिशीच्या आसपास त्यांना फोटोग्राफीचा नाद लागला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी प्रोत्साहन दिलं.

१८८२ च्या सुमारास लेपेल ग्रिफिन या ब्रिटिश अधिकाऱ्यासोबत ते मध्य भारत फिरले. ग्वाल्हेर, सांची अशा ठिकाणी काढलेले त्यांचे फोटो १८८६ मध्ये ग्रिफिन यांच्या पुस्तकात आले.

एक फोटो म्हणजे एक काच

तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर यायचा. लाकडी कॅमेरा, तिवई आणि जड काचा सोबत न्यायच्या. काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचं, तर समोरचं दृश्य उलटं दिसायचं. फोटो बिघडला की ती प्लेट वाया. म्हणून कुठे उभं राहायचं, ऊन कुठल्या बाजूने हवं, हे सगळं आधीच ठरवावं लागे.

आपणही हेच करून बघू शकतो:

- देऊळ किंवा किल्ला दिसला की लगेच क्लिक करू नका. आधी एक चक्कर मारा आणि मग जागा निवडा.
- कॅमेरा सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. खांब आणि भिंती त्या रेषांना समांतर ठेवा.
- फोन वर तिरका केला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत लेन्स वर सरकवायची सोय असे. आपण मागे जाऊन फोन सरळ धरायचा आणि खालचा नको असलेला भाग नंतर क्रॉप करायचा.
- स्क्रीनवर बोट दाबून धरा, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा, आभाळ पांढरं फटक पडणार नाही.
- इमारतीजवळ एखादा माणूस उभा करा. तिची उंची लगेच कळते.

पक्की नोकरी सोडली

१८८५ च्या सुमारास दीनदयाळ यांनी सरकारी नोकरीतून लांब रजा घेतली आणि पुढे नोकरीच सोडली. त्या काळात पक्की नोकरी सोडणं म्हणजे मोठी जोखीम होती. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारात ते फोटोग्राफर झाले. 'राजा' हा किताबही निजामांनीच दिला. आपलं वेरूळ तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे तिथली लेणीही त्यांच्या कॅमेऱ्यात आली. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला.

फोटो टिकले कसे?

१९०५ मध्ये दीनदयाळ गेले. पुढे धंदा ओसरला, पण काचा घरच्यांनी सांभाळल्या. १९८९ मध्ये त्यातल्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. अनेक फोटोंवर त्यांचं नाव, नंबर आणि ठिकाण लिहिलेलं आहे. त्यामुळे आजही कोणता फोटो कुठला, ते कळतं.

आपले फोटो मात्र फोन हरवला की एका दिवसात जाऊ शकतात. म्हणून घरी आल्यावर तीन कामं करा: नको ते फोटो उडवा, उरलेल्यांचा ठिकाण आणि वर्षाच्या नावाने अल्बम बनवा आणि बॅकअप घ्या.

पुढच्या ट्रिपला एक प्रयोग करा. समजा, तुमच्याकडे फक्त दहा काचा आहेत. दिवसभरात दहाच फोटो काढायचे. बघा, बटण दाबायच्या आधी तुम्ही किती वेळ नुसतं बघत उभे राहता!