चुकांची वही

शस्त्रक्रियेत रोगी दगावला की दैवाला बोल लावून मोकळे होण्याची रीत जुनीच. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) यांनी ती मोडली. शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक रोगी पुढे कसा आहे हे तपासलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. केवळ ज्येष्ठतेवर बढती देणाऱ्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा त्यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. १९११ ते १९१६ या काळातील स्वतःच्या लहानशा रुग्णालयाचा हिशेब त्यांनी छापला: रोगी ३३७, चुका १२३. व्यवसायबंधू दुरावले, प्राप्ती आटली. त्यांच्या थडग्यावर नावाची शिळा बसली ती २०१४ मध्ये! चूक मनुष्यमात्राकडून होते. लपविली तर ती पुन्हा घडते, नोंदविली तर पुढचा रोगी वाचतो. रुग्णालयाच्या भव्य इमारतीहून अशी एक वही आम्हांस अधिक मोलाची वाटते.