विश्लेषण : सिंथेसायझरचे जनक रॉबर्ट मोग यांना स्वतःचेच नाव का वापरता येत नव्हते?

मॉड्युलर सिंथेसायझरला फेझर जोडला, की सपाट सूरही घुमत फिरल्यासारखा वाटतो. अशी मॉड्यूल विजेच्या व्होल्टेजने चालवण्याची पद्धत रूढ केली अभियंते रॉबर्ट मोग यांनी.

मोग कोण होते?
जन्म १९३४, न्यूयॉर्क. शाळकरी वयातच त्यांनी हात न लावता वाजणारे ‘थेरेमिन’ बनवले. १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या साथीने त्यांनी मॉड्युलर सिंथेसायझर घडवला. सूर निर्माण करणे, गाळणे, कमी-जास्त करणे अशी कामे वेगवेगळ्या मॉड्यूलकडे. वादकाने ती केबलने हवी तशी जोडायची.

नाव कसे गेले?
१९७० चा ‘मिनीमोग’ गाजला, पण कर्जामुळे कंपनी विकावी लागली. १९७७ मध्ये मोग बाहेर पडले. नावाचे हक्क मात्र मागेच राहिले.

फेझरचा संबंध काय?
पुढे ‘बिग ब्रायर’ या छोट्या कंपनीतून त्यांनी १२ टप्प्यांचा फेझर आणला. फेझर आवाजाचे दोन भाग करतो. एकाची फेज टप्प्याटप्प्याने सरकवून तो पुन्हा मूळ आवाजात मिसळला जातो. त्यात काही कंपने एकमेकांना पुसून टाकतात. पुसले जाणारे हे बिंदू सतत सरकत राहतात, म्हणून आवाज फिरतो. मोग यांच्या फेझरला व्होल्टेजसाठी जॅक होते. त्यामुळे तो मॉड्युलर सिंथेसायझरलाही जोडता येई.

शेवट काय झाला?
२००२ मध्ये मोग यांना आपले नाव परत मिळाले. ते वापरायला जेमतेम तीन वर्षे उरली होती. २००५ मध्ये मेंदूतील गाठीने त्यांचे निधन झाले.