60 गिगाहर्ट्झ, तेही 1890च्या दशकात

2019 मध्ये गूगलचा पिक्सेल 4 भारतात आलाच नाही, आठवतंय? त्यातलं हाताच्या खुणा ओळखणारं सोली रडार 60 गिगाहर्ट्झवर चालायचं आणि तो बँड वापरायची परवानगी इथे नव्हती, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. गंमत बघा, 60 गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी जगदीशचंद्र बोस कोलकात्यात 1890च्या दशकातच तयार करत होते.

केंब्रिजला शिकून आलेल्या बोस यांना प्रेसिडेन्सी कॉलेजने इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला. त्यांनी तीन वर्षं पगाराला हातच लावला नाही, शिकवत मात्र राहिले. शेवटी थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला.

लॅब म्हणजे एक चिमुकली खोली. उपकरणं पत्र्याचं काम करणाऱ्या स्थानिक कारागिराकडून करून घेतलेली. एकाच दिशेत कंप पावणाऱ्या लहरी गाळून घ्यायला पोलरायझर लागतो. बोसांनी रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल घेतलं, पानापानांत टिनफॉइल घातली, झालं काम! हा जुगाड मला भारी आवडतो.

लहरी ओळखायला त्यांनी गॅलेना हे खनिज वापरलं, म्हणजे चक्क सेमीकंडक्टर सेन्सर. त्याचं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये मिळालं, तेही मित्रमंडळींनी आग्रह धरला म्हणून. त्यातून पैसा करायला ते तयार नव्हते. तत्त्व म्हणून ठीक, पण त्या पैशात लॅब लवकर उभी राहिली असती, असं मला वाटतं. स्वतःची संस्था व्हायला 1917 उजाडलं. तोवर त्यांचे सेन्सर झाडांकडे वळले होते: रोपाची वाढ हजारो पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांचाच.