इमाम गझाली : मरणाचे स्मरण आणि परतीची वाट

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण बहुधा अशा व्यक्तींची चरित्रे वाचतो, ज्यांनी आयुष्यात काही मिळवले. पद, कीर्ती, राज्य किंवा विद्या यांपैकी काहीतरी त्यांच्या हाती येते आणि चरित्रकार त्या प्राप्तीपर्यंतचा मार्ग आपल्याला दाखवतो. या पाठात तुम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचणार आहात, त्याने हे सारे वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत मिळवले होते. आपल्याला त्याच्याविषयी कुतूहल वाटते ते त्यानंतरच्या चार वर्षांत जे घडले त्यामुळे.

अबू हामिद मुहम्मद अल्-गझाली यांचा जन्म इ. स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. हा प्रदेश आज इराणमध्ये आहे. ‘शाहनामा’ लिहिणारा महाकवी फिरदौसी याच तूसचा. गझालींचे वडील लोकर कातून उदरनिर्वाह करीत, असे परंपरा सांगते. त्यांना लिहिता-वाचता येत नसे आणि त्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. मरतेसमयी त्यांनी मुहम्मद व अहमद या दोन्ही मुलांना आणि जवळच्या थोड्याशा पैशाला एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले. पैसे संपले तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात जाण्यास सांगितले, कारण तेथे विद्यार्थ्याला अन्न मिळत असे. विद्येचा आरंभ पोटासाठी झाला, ही गोष्ट गझालींनी पुढे लपवली नाही. ती लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या अस्वस्थतेचे बीज तेथेच आहे.

तरुणपणी ते जुर्जान येथे शिकण्यास गेले होते. परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटल्याची एक आख्यायिका आहे. गझालींनी नायकापाशी आपली टिपणे तेवढी परत मागितली. वह्या काढून घेतल्यावर ज्याची विद्याच नाहीशी होते, त्याने विद्वान म्हणवून घेऊ नये, असे तो दरोडेखोर हसून म्हणाला आणि त्याने वह्या परत केल्या. गझालींनी पुढची तीन वर्षे ती टिपणे मुखोद्गत करण्यात घालवली. चरित्रकारांना असे प्रसंग आवडतात आणि ते थोडे घडवलेलेही असू शकतात. परंतु लुटता न येणारे असे माणसापाशी काय असते, हा प्रश्न गझालींच्या आयुष्यात खरोखरच शेवटपर्यंत राहिला.

निशापूर येथे इमामुल्-हरमैन अल्-जुवैनी हे त्या काळचे थोर धर्मशास्त्री त्यांचे गुरू झाले. इ. स. १०८५ मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर गझाली सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजामुल्मुल्क याच्या दरबारात गेले. तेथे वादविवादात त्यांच्यापुढे कोणी टिकत नसे. इ. स. १०९१ मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. तीनशे विद्यार्थी त्यांची व्याख्याने ऐकत. पुढच्याच वर्षी निजामुल्मुल्कचा खून झाला आणि साधारण महिन्याभराने सुलतान मलिकशाहही मरण पावला. ज्यांच्या आश्रयाने हे वैभव उभे राहिले, ते दोघेही अशा रीतीने थोड्याच दिवसांत नाहीसे झाले.

बगदादमध्ये असतानाच गझालींनी ‘तहाफुतुल्-फलासिफा’ म्हणजे तत्त्वज्ञांच्या विसंगतींची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. इब्न सीना आणि त्याच्या मार्गाने जाणाऱ्या तत्त्वज्ञांच्या वीस मतांची त्यात तपासणी आहे. त्यांतील तीन मते गझालींनी थेट धर्मबाह्य ठरवली. जग अनादि आहे, हे पहिले. ईश्वराला केवळ सामान्य तत्त्वांचे ज्ञान असते, एकेका वस्तूचे व व्यक्तीचे नसते, हे दुसरे. तिसरे आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे : मरणानंतर देहाचे पुनरुत्थान होणार नाही, फक्त आत्मा उरेल.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. आपल्या संतवाङ्मयात परिचित असलेली पुनर्जन्माची, चौऱ्यांशी लक्ष योनींची कल्पना आणि इस्लाममधील पुनरुत्थानाची कल्पना यांत मूलभूत अंतर आहे. इस्लामी श्रद्धेत माणूस एकदाच जन्मतो व एकदाच मरतो. कयामतीच्या दिवशी सारे मृत पुन्हा उठवले जातात आणि प्रत्येकाला आपल्या कर्मांचा जाब द्यावा लागतो. मृत्यूची वार्ता कळताच मुसलमान माणूस कुराणातील जे वचन उच्चारतो, त्याचा आशयही आपण ईश्वराचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत, असा आहे. मरण म्हणजे परतणे, ही कल्पना अशी रोजच्या भाषेतच रुजलेली आहे.

तत्त्वज्ञांचा आक्षेप मात्र सोपा नव्हता. देह मातीत मिसळतो, त्या मातीत धान्य उगवते, ते दुसरा माणूस खातो. मग तो कण शेवटच्या दिवशी कोणाच्या देहात जायचा? गझालींचे उत्तर असे की, माणसाची ओळख त्याच्या आत्म्याने ठरते, कणांनी ठरत नाही. ईश्वर त्याच मातीचा किंवा दुसऱ्या मातीचा देह घडवून आत्म्याला पुन्हा देऊ शकतो. शिवाय एका थेंबातून हाडामांसाचा, बोलणारा माणूस तयार होतो, हे ज्याने कधी पाहिले-ऐकले नाही, त्याला तेही अशक्यच वाटेल. पहिली निर्मिती डोळ्यांदेखत घडते म्हणून आपल्याला तिचे आश्चर्य वाटत नाही, एवढेच. युक्तिवाद म्हणून हे उत्तर आजही वाचण्याजोगे आहे.

ग्रंथ इ. स. १०९५ च्या आरंभी पूर्ण झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ग्रंथकर्त्याची वाचा गेली.

हे अलंकारिक विधान नाही. पुढे लिहिलेल्या ‘अल्-मुन्किज मिनद्दलाल’ या आत्मकथनात गझालींनी स्वतःच ही हकीकत दिली आहे. आपण शिकवतो कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि हेतू ईश्वराचा नसून मानमरातबाचा आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. ढासळणाऱ्या कड्यावर आपण उभे आहोत, असे त्यांना वाटू लागले. सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय होई, संध्याकाळी तो मोडे. असे जवळजवळ सहा महिने चालले. एके दिवशी विद्यार्थ्यांपुढे बसले असता जीभ हलेना. मग अन्न गिळेना, पाणी उतरेना. दुखणे मनातून देहात उतरले आहे आणि मन शांत झाल्याखेरीज औषध लागू पडणार नाही, असे सांगून वैद्यांनी हात टेकले.

काही अभ्यासक या घटनेमागे राजकारण पाहतात. आश्रयदात्याचा खून झालेला होता, गादीसाठी भांडणे चालू होती. तेव्हा भीतीने ते निघून गेले असावेत, असे ते म्हणतात. भीती असेलही. पण केवळ जीव वाचवायचा असता, तर दुसरा आश्रयदाता शोधणे त्यांच्यासारख्याला अवघड नव्हते. मला अधिक पटणारी गोष्ट वेगळी आहे. मेलेला माणूस उठवला जाईल आणि त्याचा हिशेब होईल, हे गझालींनी नुकतेच इतरांना सिद्ध करून दाखवले होते. तो हिशेब आपलाही होणार, हे मात्र त्यांना नंतर उमगले. जे बुद्धीने सिद्ध केले, त्याप्रमाणे आपण एक दिवसही जगत नाही, ही जाणीव त्यांना सहन झाली नाही.

नोव्हेंबर १०९५ मध्ये मक्केला जात असल्याचे सांगून त्यांनी बगदाद सोडले आणि ते दमास्कसला गेले. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकी संपत्ती त्यांनी वाटून टाकली होती. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसचे दिवस बसत. तेथून ते जेरुसलेमला गेले, नंतर हेब्रॉन येथे इब्राहीम पैगंबरांच्या कबरीपाशी. तेथे त्यांनी शपथ घेतली की, राजाच्या दारी जाणार नाही, राजाचे धन घेणार नाही आणि वादविवाद करणार नाही. त्यानंतर हजयात्रा केली. पुढे इ. स. १०९९ मध्ये धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेम जिंकले, पण गझालींच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येत नाही. हे मौन अनेकांना खटकले आहे आणि ते खटकणे गैर नाही.

या वर्षांतच ‘इह्या उलूमुद्दीन’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ आकाराला आला. त्याची चाळीस प्रकरणे आहेत आणि चाळिसावे प्रकरण मृत्यूच्या स्मरणाविषयी व त्यानंतरच्या अवस्थांविषयी आहे. तत्त्वज्ञांशी वाद घालणारे गझाली येथे दिसत नाहीत. मरणाची आठवण कोणाला कशी होते, हे ते शांतपणे पाहतात. संसारात बुडालेल्याला मरण आठवते ते सुटणाऱ्या वस्तूंच्या हळहळीपोटी. पश्चात्ताप करणाऱ्यालाही मरण लवकर नको असते. तयारी अपुरी राहील, ही त्याची धास्ती. ज्ञानी माणूस मात्र प्रियाच्या भेटीची वेळ कोणी विसरत नाही तसे ते विसरत नाही. या तिघांच्याही वर गझाली त्याला ठेवतात, ज्याला जगणे वा मरणे यांपैकी स्वतःची निवडच उरलेली नाही.

पुढे लांबलचक आशांची चिकित्सा येते, प्राण जातानाच्या वेदना येतात, पैगंबर व पहिले चार खलिफा यांच्या अंतकाळाच्या कथा येतात. कबरीत प्रश्न विचारणारे मुन्कर व नकीर, रणशिंगाचा नाद, घामाने निथळणारा जनसमुदाय, कर्मे तोलणारा तराजू, सिरात हा पूल, नरक व स्वर्ग असे एकामागून एक भाग येतात. भयाची वर्णने एवढी ठसठशीत आहेत की, संपूर्ण प्रकरण भीतीवरच संपणार, असे वाचकाला वाटते. शेवटचा भाग मात्र ईश्वराच्या दयेच्या विस्ताराविषयी आहे. हा क्रम लेखकाने जाणूनबुजून ठेवला आहे, हे तुमच्या लक्षात यावे.

या ग्रंथाचे सर्वत्र स्वागत झाले असे नाही. इ. स. ११०९ मध्ये स्पेनमधील कुर्तुबा येथे तो जाळण्यात आला. गझाली तेव्हा हयात होते.

हेब्रॉनची शपथ त्यांना पूर्णपणे पाळता आली नाही. इ. स. ११०६ मध्ये निजामुल्मुल्कचा मुलगा फखरुल्मुल्क याच्या आग्रहावरून ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. काही महिन्यांतच फखरुल्मुल्कचाही खून झाला. अखेर गझाली तूसला परतले आणि घराशेजारी एक मदरसा व सूफींसाठी खानकाह चालवू लागले. ज्यांनी आयुष्यभर इतरांना शिकवले, ते या दिवसांत हदीसचे संग्रह नव्याने शिकायला बसत असत.

डिसेंबर १११ या आकड्यापुढे एक मांडला की जे वर्ष होते, त्या ११११ सालच्या डिसेंबरातील एका सोमवारी ते पहाटे उठले. धाकटे बंधू अहमद यांनी सांगितलेला वृत्तान्त असा : त्यांनी वजू केली, नमाज पढली आणि आपले कफन आणायला सांगितले. ते हाती घेऊन त्याचे चुंबन घेतले, डोळ्यांना लावले आणि राजाच्या भेटीला जाण्याची आज्ञा आपल्याला मान्य असल्याचे म्हटले. मग किब्ल्याकडे तोंड करून पाय पसरले. सूर्य उगवण्यापूर्वी प्राण गेला होता. वय पंचावन्नच्या आत होते. तूसमध्येच त्यांचे दफन झाले. मागे मुली होत्या. त्यांच्या निर्वाहापुरते घरचे उत्पन्न होते आणि देऊ केलेले धन गझालींनी घेतलेले नव्हते.