गामा पैलवान

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण पहाटे चार वाजता उठता? रमजानच्या महिन्यात सहरीसाठी तुम्ही उठत असाल. परीक्षा जवळ आली, की कोणी अभ्यासासाठीही उठत असेल. पण थंडी असो की पाऊस, वर्षाचे बाराही महिने त्या वेळी उठायचे आणि जमिनीवर घामाचे ओघळ दिसेपर्यंत मेहनत करायची, हे सोपे नाही. त्याहून अवघड गोष्ट तर पुढेच आहे. मेहनत केली की शरीर थकते. आजचा थकवा आज उतरला नाही, तर उद्याची मेहनत नीट होत नाही. परवाची तर होतच नाही. म्हणून मेहनत करणारे पुष्कळ सापडतात, पण ती चाळीस वर्षे टिकवणारा एखादाच असतो. गामा पैलवान हा असा माणूस होता. त्याचे नाव तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून नक्कीच ऐकले असेल.

गामाचे पूर्ण नाव गुलाम मुहम्मद बख्श. त्याचा जन्म १८७८ साली पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात झाला. घराणे मूळचे काश्मिरी आणि पिढ्यान्‌पिढ्या पैलवानांचे. वडील अजीज बख्श हे नावाजलेले मल्ल होते. ते गामाच्या लहानपणीच वारले. मग आजोबा नून पैलवान यांनी त्याला सांभाळले, आणि आजोबांनंतर मामा ईदा यांनी. वडिलांचे अपुरे राहिलेले काम या मुलाकडून पूर्ण व्हावे, अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा होती.

इथे थोडे थांबून एक गंमत पाहू. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे पैलवान जिथे मेहनत करतात ती जागा. उर्दूतला उस्ताद मराठीत वस्ताद झाला आणि पहलवानाचा पैलवान झाला. उर्दूत जोर म्हणजे ताकद. मराठीत हात जमिनीवर टेकून खालीवर होण्याच्या व्यायामालाच जोर म्हणतात. उत्तरेकडे त्याला डंड म्हणतात. तेव्हा मराठीत कुस्तीची गोष्ट वाचताना तुम्हांला फार अडचण येऊ नये. निम्मे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत.

गामा दहा वर्षांचा असताना, १८८८ साली, जोधपूरच्या महाराजांनी एक मोठी स्पर्धा भरवली. ती कुस्त्यांची नव्हती, बैठकांची होती. देशभरातून चारशेहून अधिक पैलवान जमले. सर्वांनी एकदम बैठका मारायला सुरुवात करायची आणि दमेल त्याने बाहेर पडायचे, एवढाच नियम होता. धिप्पाड, दाढीमिश्यांच्या माणसांत हा एवढासा मुलगा उभा राहिला. तास गेले. एकेक पैलवान बाजूला होऊ लागला. शेवटी पंधराच उरले आणि त्या पंधरांत गामा होता! महाराजांनी स्पर्धा थांबवली आणि त्याचे वय पाहून त्यालाच विजयी ठरवले. सगळ्या हिंदुस्थानात त्याचे नाव झाले.

गोष्ट इथे संपली असती तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. स्पर्धेनंतर गामा अंथरुणाला खिळला. सुमारे आठवडाभर त्याला उठता आले नाही.

असे का झाले असेल? आपण नेहमीपेक्षा फार जास्त व्यायाम केला, की स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. म्हणून पहिल्यांदा खूप बैठका मारल्या, की त्या दिवशी विशेष काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना मांड्या भरून येतात. तुम्हांला हा अनुभव असेलच. ही इजा भरून निघते ती विश्रांतीत, विशेषतः झोपेत. भरून निघताना स्नायू पहिल्यापेक्षा थोडा बळकट होतो. म्हणजे ताकद येते ती मेहनत आणि विश्रांती या दोघींमुळे. विश्रांतीला वेळच दिला नाही, तर इजेवर इजा होते आणि माणूस बळकट होण्याऐवजी खचतो. दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात काही महिन्यांची मेहनत केली होती. त्याची किंमत त्याला आठवडाभर मोजावी लागली. माझ्या मते कोणत्याही मुलाकडून असे करून घेऊ नये, मग तो गामा का असेना.

यानंतर दतियाच्या महाराजांनी गामाला आश्रय दिला. दतिया हे झाशीजवळचे संस्थान. आज ते मध्य प्रदेशात आहे. गामाचे वडीलही याच दरबारचे मल्ल होते. आता पोटाची चिंता नव्हती. रोजची मेहनत नियमाने सुरू झाली आणि तीही वाढत्या क्रमाने. आधी काही शे जोर-बैठका, मग त्याहून जास्त, असे करत करत आकडा हजारांवर गेला. हा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढत जातो, म्हणून मी तो इथे देत नाही. तुम्हीही मोजत बसू नका. पाहायचा तो त्यांचा दिवस.

त्या काळच्या पैलवानाचा दिवस उजाडण्याआधीच सुरू होई. पहाटे शरीर थंड आणि आखडलेले असते. म्हणून उठल्याबरोबर कोणी कुस्तीला भिडत नसे. आधी फावड्याने हौद्यातली माती खणून भुसभुशीत करायची. या कामात अंग हळूहळू गरम होई. मग लंगोट कसून सोबत्यांबरोबर लढत करायची. एका सोबत्याशी लढून झाले, की दुसरा. तो दमला, की तिसरा. दिवस वर येईपर्यंत हे चाले. त्यानंतर ताजी माती अंगाला लावून घाम जिरवायचा, मालिश करून घ्यायची, अंग पूर्ण निवल्यावर आंघोळ करायची. मग खुराक. गामांच्या खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मांसाची यखनी असे. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा जोर-बैठका आणि रात्र पडताच अंथरुण. जो लवकर निजत नाही, त्याला पहाटे तालमीत उभे राहता येत नाही, हे प्रत्येक वस्तादाला ठाऊक असते.

आता या दिवसाकडे पुन्हा पाहा. मेहनतीचे तास किती आणि थकवा घालवण्याचे तास किती? मालिश, आंघोळ, खुराक, दुपारची झोप, रात्रीची झोप मिळून दिवसाचा मोठा भाग विश्रांतीकडेच जातो. बाहेरच्या माणसाला वाटते, पैलवान दिवसभर खातो आणि झोपतो. तसे ते नसते. तुमच्या वयाच्या मुलांना तर आठ ते दहा तास झोप लागतेच. रात्री बारापर्यंत जागून पहाटे चारला पळायला जाणारा मुलगा आठ दिवसांत आजारी पडतो किंवा वर्गात डुलक्या घेतो. मी शाळेत असताना हा प्रयोग करून पाहिला होता. गणिताच्या तासाला बाकावर डोके टेकले ते घंटेनेच उचलले.

सतरा वर्षांच्या वयात गामांनी रहीम बख्श सुलतानीवाला यांना आव्हान दिले. रहीम बख्श त्या वेळचे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे मल्ल होते. त्यांची उंची सात फुटांच्या जवळपास होती, तर गामांची पुरी पावणेसहा फूटही नव्हती. लोकांना वाटले, पोर क्षणात चीतपट होणार. पण कुस्ती कितीतरी वेळ चालली आणि बरोबरीत सुटली. पुढे या दोघांच्या आणखी कुस्त्या झाल्या.

१९१० साली गामा धाकटा भाऊ इमाम बख्श याच्याबरोबर लंडनला गेले. तिथे कसलेल्या मल्लांना त्यांनी उघड आव्हान दिले. ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे बेंजामिन रोलर पुढे आले. हे व्यवसायाने डॉक्टर होते. गामांनी त्यांना पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत चीत केले. मग १० सप्टेंबरला पोलंडचा नामांकित मल्ल स्टानिस्लॉस झिबिस्को याच्याशी सामना ठरला. झिबिस्को गामांपेक्षा बराच वजनदार होता. सुरुवातीलाच गामांनी त्याला खाली घेतले. पण मग तो गादीवर पालथा पडून राहिला, तो उठेचना! गामा त्याला उलटवण्यासाठी डावावर डाव टाकत होते आणि तो गादीला घट्ट चिकटून होता. असे अडीच तासांहून अधिक चालले. पालथ्या पडलेल्या जड माणसाला उलटवणे म्हणजे किती श्रम, याची कल्पना करा. अखेर सामना बरोबरीत सोडण्यात आला. एका आठवड्याने, १७ सप्टेंबरला, पुन्हा कुस्ती ठरली. गामा वेळेवर हजर झाले. झिबिस्को आलाच नाही! विजेत्याचा पट्टा गामांना मिळाला, पण तो असा न लढता मिळाला. खऱ्या पैलवानाला यात काय आनंद वाटणार?

हिंदुस्थानात परतल्यावर अलाहाबादेत त्यांची रहीम बख्श यांच्याशी पुन्हा गाठ पडली. या वेळी गामा जिंकले आणि रुस्तम-ए-हिंद ठरले. त्याच सुमारास आपल्या कोल्हापुरातही कुस्तीला मोठे दिवस आले होते. राजर्षी शाहू महाराजांनी पंजाबच्या मल्लांना बोलावून घेतले होते आणि १९१२ साली खासबाग मैदान उभारले. त्या मैदानावर इमाम बख्शची कुस्ती झाली. कधी कोल्हापूरला गेलात तर हे मैदान जरूर पाहा.

झिबिस्कोचा हिशेब मात्र बाकी होता. तो चुकता व्हायला सतरा वर्षांहून अधिक काळ जावा लागला. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना समोरासमोर आणले. हजारो लोक जमले होते. गामा आता पन्नाशीला आले होते. या वयात बहुतेक पैलवानांनी लंगोट खुंटीला टांगलेला असतो. पण गामांची पहाट चुकली नव्हती. या वेळी गादी नव्हती, माती होती. दोघे भिडले आणि एक मिनिट पुरे होण्याच्या आत झिबिस्कोची पाठ मातीला लागली. लंडनमध्ये अडीच तासांत जे झाले नाही, ते इथे डोळे मिटून उघडेपर्यंत झाले. या पराभवानंतर झिबिस्कोने गामांचे मोकळ्या मनाने कौतुक केले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. गामा त्या वेळी लाहोरला मोहनी रोडवर राहत होते. शहरात दंगली पेटल्या आणि एक जमाव त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरांकडे आला. गामा आपल्या पठ्ठ्यांसह त्या घरांपुढे उभे राहिले. जमाव मागे फिरला. पुढे त्या शेजाऱ्यांना त्यांनी सुखरूप सरहद्दीपर्यंत जाऊ दिले आणि वाटेसाठी शिधाही दिला. सत्तरीच्या जवळ आलेल्या त्या माणसाला त्या दिवशी एकही डाव टाकावा लागला नाही.

शेवटची वर्षे त्यांना सुखाची गेली नाहीत. आजारपण आले, पैशांचीही ओढाताण झाली. २३ मे १९६० रोजी लाहोरला त्यांचे निधन झाले.

गामांची एक वस्तू भारतात जपून ठेवलेली आहे. मधोमध भोक असलेले ते एक वजनदार कडे आहे. त्याला हंसली म्हणतात. उर्दूत हंसली म्हणजे गळ्याखालचे हाड आणि गळ्यातला दागिनाही, हे तुम्हांला माहीत आहेच. हा दागिना गळ्यात घालून गामा बैठका मारत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ही हंसली आहे. तिचे वजन ९५ किलो भरते.